गाडीखालचा पेपर

आमचे अब्बा रोज दोन पेपर वाचत. एक नेहमीचा, चहाबरोबर ओसरीवर बसून. दुसरा त्याच्याही आधी, फजरची नमाज आटोपून आले की अंगणातल्या गाडीखालून ओढून काढलेला. हा कालचा असे. रात्री झोपण्यापूर्वी अब्बा तो इंजिनाखाली पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवीत आणि सकाळी उजेडात धरून त्यावर पडलेले ठिपके पाहत. शेजारच्या काकी त्या वेळी आपल्या विहिरीवर पहिली कळशी ओढत असत. गडग्यापलीकडून त्या विचारीत, "भाई, आज पेपरात काय इला?" ठिपका नसला की अब्बा म्हणत, "आज काय बातमी नाय." असला की म्हणत, "आसा, पण आतल्या पानावरची." मग दोघेही हसत. हा संवाद आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता, की त्याला काही अर्थ असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९९४ सालची, पांढरी. अब्बांनी मुंबईत सत्तावीस वर्षं टॅक्सी चालवली. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा परवाना आणि दिवसाच्या शेवटी मालकाच्या हातावर ठेवायचा हिशेब. गावी परतताना त्यांनी स्वतःसाठी एकच चैन केली, तीच गाडी घेतली. फरक एवढाच, की तिच्या टपावर पिवळा रंग नव्हता. कोळंबच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या आमच्या वाडीतली ती पहिली मोटार. वाडीतली किती बाळंतपणं त्या गाडीने मालवणच्या दवाखान्यात वेळेवर पोचवली आणि किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पाळणा कुणाच्या घरी हलला आणि अंतरपाट कुणाच्या मांडवात धरला, हेही कुणी विचारलं नाही.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून निघू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कारखाना बंद पडूनही आता वीस वर्षांवर काळ लोटला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांनी तिच्यावर मोठमोठे लेख लिहिले. ते वाचायला अब्बा नव्हते.

अब्बा गेले २०१८ च्या मार्चमध्ये. चाळिसावा झाला. पाहुणे पांगले. आम्ही दोघे भाऊ, एक कुडाळला नोकरीला, दुसरा शारजाहून रजा काढून आलेला, घरातल्या एकेका वस्तूकडे पाहत बसायचो. चष्मा, तसबीह, टॅक्सीच्या काळातला खाकी शर्ट. गाडीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. विकायची नाही, एवढं ठरलं. पण आपल्या माणसाची वस्तू सांभाळायची म्हणजे तो जे रोज करत होता तेही सांभाळायचं, हे काही आमच्या ध्यानात आलं नाही. गाडी रोज पुसत होतो. गाडीखालचा पेपर मात्र त्या मार्चपासून बंद झाला.

मेच्या अखेरीस, रमजानातच, आम्ही ठरवलं की पावसाआधी गाडीचं ऑइल बदलायचं. अब्बा दरवर्षी मृगाच्या आधी बदलत. आम्ही लहान असताना पाना धरून उभे राहिलेलो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. गाडी थोडी चालवून आणली, ऑइल पातळ झालं, खाली घमेलं ठेवलं, बोल्ट सोडला. काळं, कढत, तीन-चार लिटर ऑइल घमेल्यात उतरलं. आपल्याकडे त्याला जळकं ऑइल म्हणतात. नवं ऑइल भरलं, हात साबणाने तीन-तीनदा धुतले. घमेलं गोठ्याच्या बाजूला पागोळीखाली सरकवून ठेवलं. वाडीत कुणी ना कुणी कुंपणाच्या दांड्यांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल मागतोच. येईल तो घेऊन जाईल, असा आमचा विचार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पाऊस आला. कोकणातला पहिला पाऊस येतो तसाच, दारं-खिडक्या आपटत. सकाळी सहज पाहिलं तर घमेलं काठोकाठ भरलेलं, आणि आत नितळ पाणी. बोट घातलं तर बोटाला नावालाच तेलकटपणा. आमच्यातला धाकटा म्हणाला, कुणीतरी ऑइल घेऊन गेला वाटतं. थोरल्यालाही ते पटलं. दोघेही शाळेत विज्ञान शिकलेले. तेल पाण्यावर तरंगतं, हे दोघांनीही परीक्षेत लिहिलेलं. पागोळीची धार घमेल्यात पडली, पाणी तळाला गेलं, ऑइल वर उचललं गेलं आणि काठावरून आधी तेच सांडलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग घमेल्यात उरलं ते पावसाचं पाणी. हे आम्हाला कळायला चार दिवस लागले, आणि तेही आमचं आम्हाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी सहरीनंतर आम्ही अंगणात उभे होतो. विहिरीवर रहाट वाजला नाही. थोड्या वेळाने काकी डोक्यावर कळशी घेऊन व्हाळाच्या अंगाने चढून येताना दिसल्या. सत्तरीच्या पुढचं वय. स्वतःची विहीर परसात असताना दोन वाड्या ओलांडून पाणी आणत होत्या. आम्ही पुढे होऊन कळशी घेतली, विचारलं. त्या म्हणाल्या, "पयलो पाऊस रे, पाणी जरा गढूळ झाला." एवढंच.

आमचं घर वरच्या अंगाला, त्यांचं खाली. मध्ये गडगा आणि पंचवीसेक पावलांचं अंतर. आम्ही त्यांच्या विहिरीत डोकावलो. पाण्यावर निळा-जांभळा तवंग चमकत होता.

जांभ्याच्या मुलखात राहणाऱ्यांना हा तवंग अगदीच अनोळखी नसतो. जांभ्यात लोह भरपूर. पावसाच्या सुरुवातीला डबक्यांत, पाणथळ जागी लोखंडी तवंग धरतो. तो जीवाणूंचा असतो, त्याने काही बिघडत नाही. दोघांतला फरक ओळखायची एक सोपी रीत अब्बांनीच आम्हाला मालवणच्या जेटीवर दाखवली होती. काडी घेऊन तवंग मोडायचा. लोखंडी तवंग असला तर त्याचे कपच्यांसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा असला तर काडी फिरते तशा रेघा उठतात आणि तो पुन्हा एक होतो.

आम्ही माडाचा एक लांब हीर घेतला, खाली वाकलो. काडी फिरवण्याआधी मनात काय मागितलं, ते सांगायला आज लाज वाटत नाही. तुकडे होऊ देत, एवढंच मागितलं. तवंग हिराभोवती फिरला आणि पुन्हा एक झाला.

मागे वळून अंगण पाहिलं तर सगळी वाट दिसली. गोठ्याच्या कोपऱ्यापासून गडग्याच्या पायापर्यंत मातीवर एक काळपट ओघळ. आणि गाडी जिथे उभी असते तिथे, जांभ्याच्या फरशीवर, ताटाएवढा काळा डाग. म्हणजे पेपर बंद झाल्यापासून तीन महिने गाडीही थेंब थेंब गळत होती. जांभा दगड चाळणीसारखा असतो. म्हणून तर आपल्या विहिरींना पाणी लागतं. जो दगड पावसाचं पाणी विहिरीत नेतो, तो ऑइल अडवून धरील असं कसं होईल?

आता खरी गोष्ट पुढेच आहे. हे सगळं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. काकींनी विचारलं नव्हतं. त्या पाणी गढूळ झालं म्हणत होत्या. धाकटा म्हणाला, गप्प बसू, रात्री माती उकरून टाकू, पाऊस वाढला की विहीर आपोआप धुऊन निघेल. थोरल्यालाही ते अगदीच चुकीचं वाटलं नाही. आम्हाला भीती ऑइलची नव्हती, एका शब्दाची होती. आपल्या किनाऱ्यावर 'विहीर बाटवली' हा शब्द साधा नाही. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या, पोर्तुगीजांच्या काळच्या गोष्टी इथे घरोघर सांगितल्या जातात. काळ जुना झाला तरी शब्दाची धार जात नाही. त्यातून २०१८ साल. मोबाइलवर त्या वर्षी काय काय फिरत होतं आणि त्यापायी माणसांचे जीव कसे जात होते, ते वाचक विसरले नसतील. मुसलमानाच्या अंगणातून हिंदूच्या विहिरीत काहीतरी गेलं, एवढंच वाक्य कुणी पुढे सरकवलं असतं तर त्यातलं 'काहीतरी' म्हणजे ऑइल होतं, हे किती जणांपर्यंत पोचलं असतं?

हे सगळं आम्ही अम्मीला सांगितलं. ती इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती. आतल्या खोलीत बसून तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांच्या पाण्यात घाण टाकून तुम्ही कोणत्या पाण्याने रोजा सोडताय? आम्ही म्हटलं, आपल्या विहिरीच्या. ती म्हणाली, तर मग त्यांनाही तीच द्या, आणि का देताय तेही सांगा. आपण वुजूच्या पाण्यात केस पडला तरी ते ओतून दुसरं घेतो. त्या बाईच्या हंड्यात तेल आहे.

आम्ही गेलो. काकी चुलीपुढे होत्या. थोरल्याने सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडला. धाकट्याने पुरं केलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "झिला, माका पयल्याच दिवशी कळला हुता. गाडयेच्या तेलाचो वास माका कळाचो नाय? भाईंच्या कपड्यांक तोच वास येय." आम्ही विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यातला पाणी अजून सुकाक नाय, त्यात मी विहिरीच्या पाण्याचा काय सांगतलंय?"

त्यावर आम्हाला काही सुचलं नाही. चार दिवस आम्ही घाबरत होतो की त्या काय म्हणतील, आणि चार दिवस त्या आमचं दुःख सांभाळत होत्या.

मग कामाला लागलो. शेवटचे दहा रोजे चाललेले, तहान लागलेली, आणि हातात चिखल. पण या कामाने जे शिकवलं ते सांगण्यासारखं आहे, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांत आज जुनी गाडी आहे, रिक्षा आहे, होडीचं इंजिन आहे.

पहिली गोष्ट, सांडलेल्या ऑइलवर पाणी मारायचं नाही. आपला हात आधी बादलीकडेच जातो. पाण्याने ऑइल जात नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातं. साबणाच्या पाण्याने तर ते फुटून बारीक होतं आणि जांभ्यात अधिक खोल उतरतं. आधी ते टिपून घ्यायचं. लाकडाचा भुसा, राख, भाताचं तूस, कोरडी माती, जे हाताशी असेल ते. आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत उत्तम म्हणजे सोडणांचा, काथ्याचा भुसा. तो ऑइल चांगलं धरून ठेवतो. डागावर बोटभर जाडीचा थर घालायचा, चपलेने रगडायचा, काही तास ठेवायचा, झाडून घ्यायचा, पुन्हा नवा घालायचा. सिमेंटची लादी असेल तर शेवटी धुण्याच्या सोड्याची घट्ट लापशी लावून ब्रशने घासायची आणि तीही फडक्याने टिपून घ्यायची. जांभ्यावर हा उपाय चालत नाही. आम्ही डाग पडलेले चिरे छिन्नीने वरून तासले, दोन तर काढूनच टाकले.

ओघळाखालची माती हातभर खोल उकरली. वास येईनासा होईपर्यंत उकरत गेलो. ती माती आणि भुसा टाकायचा कुठे? गावातली रीत म्हणजे न्हाणीघराच्या चुलीत घालायचा. पेटतो छान. पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. ते धुरातून आपल्याच पोरांच्या छातीत जायचे. व्हाळात टाकावा तर व्हाळ खाडीला मिळतो. अखेर गोठ्यामागचा जुना सिमेंटचा हौद रिकामा केला, वर पत्रे घातले आणि सगळी माती त्यात भरली. तिच्यात शेण आणि काथ्याचा भुसा मिसळून दर पंधरा दिवसांनी ती खालीवर करत राहिलो. तेल खाणारे जीवाणू मातीत मुळातच असतात. त्यांना हवा, ओल आणि खत मिळालं की ते सावकाश का होईना, तेल पचवतात. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने अशाच जीवाणूंचं मिश्रण तयार केलं आहे आणि तेलविहिरींच्या आसपासच्या जमिनी साफ करायला ते वापरतात. आमच्या हौदातल्या मातीचा वास जायला वर्षाहून जास्त काळ लागला.

विहिरीचं काम सर्वांत नाजूक होतं. पंप लावून उपसा करावा असं कुणालाही वाटेल, पण तसं केलं तर पाणी खाली जातं आणि तवंग आतल्या चिऱ्यांना चिकटत उतरतो. म्हणून आधी वरचा तवंग काढला. जुन्या सुती गोधड्यांच्या पट्ट्या आणि सोडणांच्या जुड्या दोरीने पाण्यावर सोडायच्या, फिरवायच्या, वर ओढायच्या. दोन दिवस हेच केलं. मग उपसा, आणि तोही सरळ व्हाळात नाही, भुशाने भरलेल्या खड्ड्यातून. वाडीतले चार जण मदतीला आले. ऑइल कुठून आलं हे त्यांना काकींनीच सांगितलं होतं, आमच्या आधी आणि आमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. ज्या शब्दाला आम्ही घाबरलो होतो, तो कुणाच्या तोंडून आला नाही.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या मेमध्ये विहीर तळापर्यंत पुन्हा उपसून होईपर्यंत काकींच्या घरी प्यायचं पाणी आमच्या विहिरीचं गेलं. ही वाटते तेवढी लहान गोष्ट नाही. त्यांच्या सासूच्या काळात आमच्या विहिरीचं पाणी त्या घरात प्यायला गेलं नसतं. सासूबाई अब्बांच्या गाडीतून दवाखान्यात जायच्या, पण पाणी नाही. काकींनी याचा उच्चारही केला नाही. रोज सकाळी आमच्या रहाटावर येत, अम्मी खिडकीत बसे, दोघी बोलत. इद्दतीत आमच्या अम्मीला सोबत कुणी केली असेल तर त्या रहाटाने.

ईद झाली. मग आम्ही गाडीकडे वळलो, कारण अंगण साफ झालं तरी गळती तशीच होती. आता मात्र शहाणे झालो होतो. आधी पेपर पसरला.

पेपर काय सांगतो, ते अब्बांच्या वहीत लिहिलेलं होतं. काळा-तपकिरी ठिपका म्हणजे इंजिन ऑइल. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचा म्हणजे गिअरबॉक्सचं किंवा मागच्या डिफरन्शियलचं. हिरवा, गोडसर वासाचा म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट. हा लगेच पुसायचा, कारण तो चवीलाही गोड लागतो आणि कुत्री-मांजरं चाटतात ती मरतात. चाकाजवळ पातळ पिवळसर ठिपका म्हणजे ब्रेकचं ऑइल, आणि तो दिसला की दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. नुसतं पाणी असलं तर बिस्मिल्ला म्हणून निघायचं.

आमचा ठिपका काळा होता. आम्हाला वाटलं, खालचा बोल्ट नीट बसला नाही. त्याचा वायसर बदलला, तरी ठिपका होताच. मग वाटलं, ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग गेलं. जुन्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी चेंबरला हातच लावला नाही. इंजिन रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडं केलं, वर पावडर भुरभुरवली, पंधरा मिनिटं चालू ठेवलं आणि पावडर कुठे भिजते ते दाखवलं. ऑइल गळत होतं अगदी वरून, टॅपेट कव्हरच्या बुचाच्या पॅकिंगमधून. ते वाळून कडक झालं होतं. तिथून इंजिनाच्या अंगावरून ओघळून ऑइल तळाशी थेंब धरत होतं. मिस्त्री म्हणाले, गळती खाली दिसते, पण शोधायची वर. पॅकिंग बदलायला काही फार खर्च आला नाही. बोल्ट जोर लावून आवळायचे नाहीत, नाहीतर बूच फाटतं आणि कव्हर वाकतं, हेही त्यांनीच सांगितलं. आणि इंजिनाचा श्वास जिथून बाहेर पडतो ती ब्रीदरची नळी काजळीने चोंदली होती, ती साफ केली. ती बंद झाली की आतली वाफ दाबाने जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलते. एवढं कामही आम्ही मार्चपासून केलं नव्हतं.

समुद्राकाठच्या जुन्या गाडीला फार काही लागत नाही, फक्त नियमाने लागतं. आठवड्यातून एकदा सपाटीवर, इंजिन बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पट्टी पाहायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, जास्त भरलं तरी ते नुकसानच. बॅटरीच्या टोकांवर पांढरं धरलं की सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावायचं. दर्याच्या बाजूला जाऊन आलं की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, कारण खारा वारा पत्रा खालूनच खातो. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवायची, नाहीतर दार आतून कुजतं. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल पितं आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही, म्हणून ते एक-दोन वर्षांत बदलायचं. आणि एक ताकीद. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचं नाही, आणि टेकू म्हणून जांभ्याचा चिरा तर कधीच लावायचा नाही. चिरा वजनाखाली न सांगता फुटतो. लाकडाचे जाड ओंडके किंवा लोखंडी स्टँडच हवेत.

त्या पावसाळ्यानंतर आमचे डोळे जरा वेगळे झाले. दर्यावर गेलो की पूर्वी दिसत नसे ते दिसू लागलं. पावसाच्या तोंडावर तारकर्ली-देवबागच्या वाळूत काळे डांबरी गोळे येऊन पडतात. लहानपणी ते पायाला चिकटले की दादी खोबरेल लावून काढायची. तेल तेलानेच सुटतं. ते गोळे म्हणजे दूर समुद्रात जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेलं किंवा सांडलेलं तेल. लाटांनी घुसळून, उन्हाने आटून, पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याला लागलेलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांचा बराच अभ्यास केला आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आदळली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. १६ सप्टेंबर २०२२ ला तर आपल्याच समोरच्या समुद्रात 'पार्थ' नावाचं जहाज बुडालं. त्यात ३,९११ टन डांबर होतं. कोस्ट गार्डने त्याचे १९ खलाशी वाचवले. आपल्या कितीतरी घरांतली माणसं जहाजांवर आहेत, त्यामुळे ती बातमी आली तेव्हा आधी माणसं वाचली का, हेच आम्ही पाहिलं. तेलाचा विचार मग आला. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळ आहेत, आणि रापण ओढणाऱ्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे.

पण मोठ्या जहाजांकडे बोट दाखवणं सोपं असतं. जेटीवर आपल्याच होड्यांच्या तळातलं काळं पाणी बालदीने दर्यात ओतलं जातं. गटारात डास होऊ नयेत म्हणून जळकं ऑइल टाकतात, तेही आपणच पाहतो. तवंगाखाली डासांच्या अळ्यांना हवा मिळत नाही म्हणून त्या मरतात. तोच तवंग खाडीत गेला तर कोळंबीची पिल्लं त्याखाली कशी राहावीत? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब असा, की एका गाडीतून एका वेळी निघालेलं जळकं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. हा आकडा आम्ही पुष्कळ नंतर वाचला. विहीर आधी पाहिली होती.

आता आमचं जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये जातं. कॅन भरला की कुडाळला नेऊन अशा गॅरेजात देतो, जिथून ते पिंपाने पुन्हा शुद्ध करणाऱ्या कारखान्याकडे जातं. जळकं ऑइल फक्त नोंदणी असलेल्यांकडेच जावं, असा कायदा आहे. २०२३ साली केंद्राने नियम बदलून, ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. वाडीतल्या रिक्षावाल्यांचे आणि दोन होडीवाल्यांचे कॅनही आता आमच्याच गोठ्यात येतात. कुंपणाला मागायला येणाऱ्याला आम्ही देत नाही, त्यामुळे दोन-तीन जण नाराज आहेत. असोत.

गाडीची पुनर्नोंदणी २०१९ ला झाली, २०२४ लाही झाली. अजून चालते. तिचे सुटे भाग मिळवायला मुंबईत वणवण करावी लागते आणि पेट्रोल पिते ते वेगळंच. घरातली तरुण मुलं म्हणतात, विकून टाका. त्यांचं चुकत नाही. एक दिवस विकावीच लागेल, तेव्हा ती गळकी द्यायची नाही, एवढंच आमच्या हातात आहे.

काकी आता ऐंशीच्या घरात आहेत. विहिरीवर त्या येत नाहीत, सून येते. पण सकाळी त्या मागच्या दारात बसलेल्या असतात. फजरनंतर आम्ही गाडीखालून पेपर ओढला की गडग्यापलीकडून आवाज येतो, "काय रे, आज पेपरात काय इला?"

बहुतेक दिवशी आम्ही सांगतो, बातमी नाय. परवा मात्र एक ठिपका होता, मुगाएवढा. तेही आम्ही सांगितलं.